माहितीसाठ्याचा दुभाष्या आणि त्याचे स्थान

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आणि कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६६ साली टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुणे प्रकल्पाची स्थापना झाली. पुढे चाकणच्या बाजूस १९९९ साली बजाज ऑटोचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने भोसरी, चिंचवड, तळवडे, कुरुळी, महाळुंगे या परिसरांत सुटे भाग घडविणारे असंख्य लहानमोठे उद्योग वाढले. या उद्योगांत लोखंड व ॲल्युमिनियम यांच्याइतकीच आणखी एक वस्तू रोज हाताळली जाते, ती म्हणजे माहिती. कोणत्या पाळीत किती नग झाले, कोणता माल कोणत्या चलनाने गेला, कोणत्या कामगाराचे सुरक्षा-प्रशिक्षण झाले, हे सारे आता वहीत नसून संगणकातील माहितीसाठ्यात असते. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यवसायांना अन्य व्यवसायांशी होणाऱ्या व्यवहारांसाठी वस्तू व सेवा कराचे ई-बीजक अनिवार्य झाले; त्यामुळे माहितीसाठ्यापासून दूर राहण्याची मुभा मध्यम कारखानदारालाही उरलेली नाही.

माहिती साठविणे ही एक गोष्ट, आणि साठविलेली माहिती हवी तेव्हा, हव्या त्या रूपात हाती येणे ही दुसरी. या दुसऱ्या कार्यासाठी एक लहानशी आज्ञावली लागते. ती प्रत्येकाच्या मेजावरील संगणकावर बसवावी की सर्व्हरवर, असा प्रश्न कारखान्यांच्या कचेऱ्यांतून वारंवार उपस्थित होतो. वरवर पाहता हा तंत्रज्ञाचा किरकोळ प्रश्न वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी भाषेचा, भाषांतराचा आणि जबाबदारीचा प्रश्न आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दुभाष्याचे कार्य

माहितीसाठे अनेक कंपन्यांचे असतात व प्रत्येकाची अंतर्गत बोली निराळी असते. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांच्या रूपाने मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिच्या आधारे जी प्रश्नभाषा घडली, ती एसक्यूएल या नावाने ओळखली जाते. १९८६ साली तिला अमेरिकेत व १९८७ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रमाण रूप मिळाले. परंतु प्रमाणभाषा ठरली म्हणून बोली नाहीशा होत नाहीत, हा भाषाभ्यासकांचा नित्याचा अनुभव येथेही खरा ठरला. प्रत्येक साठ्याची एसक्यूएल थोडी वेगळी राहिली, आणि त्या साठ्याशी संवाद सुरू करण्याची रीत तर पूर्णपणे वेगळी राहिली.

यावर उपाय म्हणून १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही योजना पुढे आणली. तिचे तत्त्व साधे आहे. विचारणाऱ्या आज्ञावलीने, उदाहरणार्थ एक्सेलने, एका ठरावीक पद्धतीने विचारावे. मध्ये बसलेल्या 'ड्रायव्हर' नामक घटकाने तो प्रश्न त्या त्या साठ्याच्या बोलीत सांगावा, आणि आलेले उत्तर विचारणाऱ्याला कळेल अशा रूपात परत द्यावे. जावा भाषेतील आज्ञावल्यांसाठी १९९७ मध्ये जेडीबीसी ही अशीच योजना आली. या ड्रायव्हरला मराठीत 'दुभाष्या' हा जुना शब्द चपखल बसतो. तो स्वतः माहिती बाळगत नाही, स्वतः प्रश्नही विचारीत नाही. दोन पक्षांमध्ये उभा राहून बोलणे इकडून तिकडे पोहोचवितो. आणि कोणत्याही दुभाष्याप्रमाणेच, त्याच्याकडून चूक झाली तर ती दोन्ही पक्षांच्या सहसा ध्यानात येत नाही.

२. 'सर्व्हर' या शब्दाचे तीन अर्थ

या विषयावरील बऱ्याचशा वादांचे कारण 'सर्व्हर' हा शब्दच आहे. कारखान्यातील बोलण्यात तो किमान तीन अर्थांनी येतो. पहिला अर्थ, ज्या यंत्रात माहितीसाठा प्रत्यक्ष राहतो ते यंत्र. दुसरा, ज्या यंत्रावर हिशेबाची किंवा उत्पादन-नियोजनाची आज्ञावली चालते व ज्याच्या पडद्यावर दूरून अनेक जण काम करतात ते यंत्र. तिसरा, जे रात्री-अपरात्री आपोआप अहवाल तयार करून पाठविते ते यंत्र. लहान उद्योगात ही तिन्ही कामे एकाच पेटीत चालत असल्यामुळे शब्दांतील भेद कोणाला जाणवत नाही. उद्योग वाढून पेट्या निराळ्या झाल्या की गोंधळ सुरू होतो. "ड्रायव्हर सर्व्हरवर बसविला आहे" असे तंत्रज्ञ सांगतो, आणि स्टोअर्समधील संगणकावरून माहिती मात्र येत नाही.

याचे कारण एका नियमात सांगता येते. ओडीबीसीचा ड्रायव्हर हा विचारणाऱ्या आज्ञावलीच्या अंगभूत भागासारखा काम करतो. यास्तव जी आज्ञावली प्रश्न विचारते, ती ज्या यंत्रावर चालते, त्याच यंत्रावर तो असावा लागतो. एक्सेल मेजावरील संगणकावर चालत असेल, तर माहितीसाठ्याच्या यंत्रावर बसविलेल्या ड्रायव्हरचा त्या एक्सेलला काहीही उपयोग नाही. उलट, एक्सेलच दूरच्या यंत्रावर चालत असून मेजावर फक्त त्याचा पडदा दिसत असेल, तर मेजावरील संगणकावर ड्रायव्हर बसविणे व्यर्थ होय.

हा नियम ध्यानात घेतला म्हणजे मूळ प्रश्नाचे रूप बदलते. दुभाष्याला कोठे बसवावे, हा प्रश्न मागे पडतो व प्रश्न कोठून विचारले जावेत, हा पुढे येतो. चाळीस जणांनी आपापल्या मेजावरून विचारावेत, की एका ठिकाणाहून विचारून उत्तरे चाळीस जणांना वाटावीत? निर्णय घ्यावयाचा तो याविषयी. दुभाष्या त्याच्या मागोमाग जातो.

३. प्रत्येक मेजावर दुभाष्या

उदाहरणादाखल एका काल्पनिक कारखान्याचा विचार करू. त्याची मुख्य कचेरी व माहितीसाठा भोसरीस आहे, दुसरी शेड पुणे-नाशिक मार्गावर चाकणला आहे, आणि दोन्ही ठिकाणी मिळून चाळीस संगणक आहेत. प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर बसविण्याचे फायदे उघड आहेत. गुणवत्ता-नियंत्रणातील अभियंत्याला एखाद्या भागात दोष आढळला, तर तो त्या तुकडीची नोंद लगेच शोधू शकतो. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. प्रश्न आधीपासून ठाऊक नसतो, तो कामाच्या ओघात सुचतो, अशा ठिकाणी ही मोकळीक मोलाची असते.

तथापि चाळीस दुभाषे नेमले की ते चाळीसही सारखेच बोलतील याची हमी देता येत नाही. येथे पहिली अडचण ३२ बिटी व ६४ बिटी या भेदाची आहे. ३२ बिटी एक्सेलला ३२ बिटी ड्रायव्हर लागतो व ६४ बिटी एक्सेलला ६४ बिटी. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. ६४ बिटी विंडोजमध्ये या दोहोंची नोंद ठेवणाऱ्या दोन निरनिराळ्या खिडक्या आहेत, आणि त्यांच्या जागांची नावे तर अर्थाच्या नेमकी उलट आहेत: 'सिस्टिम ३२' नामक जागेत ६४ बिटी आज्ञावल्या राहतात, आणि ज्या जागेच्या नावात ६४ हा आकडा आहे, तेथे ३२ बिटी राहतात. जुन्या आज्ञावल्यांनी मनात पक्के धरलेले नाव बदलता आले नाही, म्हणून नाव तेच राहून अर्थ बदलला. शब्दांच्या इतिहासात असे अर्थांतर नेहमीच आढळते. परंतु कारखान्यात त्यामुळे चुकीच्या खिडकीत नोंद करून "ड्रायव्हर सापडत नाही" म्हणत दिवस वाया जातो.

दुसरी अडचण संपर्काच्या नोंदीची. ही नोंद एकतर त्या संगणकावरील सर्वांसाठी करता येते किंवा केवळ एका वापरकर्त्यापुरती. दुसऱ्या प्रकारे केलेली नोंद तोच वापरकर्ता असेपर्यंत ठीक चालते. परंतु दुसऱ्या खात्याने चालणाऱ्या स्वयंचलित कामाला ती दिसत नाही. दिवसा हाताने काढलेला अहवाल येतो आणि रात्री आपोआप यावयाचा तोच अहवाल येत नाही, याचे एक कारण हे असू शकते.

तिसरी अडचण गुप्ततेची. प्रत्येक मेजावरून साठ्याशी संपर्क साधावयाचा, तर प्रवेशाचे नाव व परवलीचा शब्द कोठेतरी ठेवावा लागतो. तो चाळीस एक्सेल-पत्रकांत लिहिला गेला, तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर तोही बाहेर जातो. आणि तो बदलावयाचा म्हटले तर चाळीस ठिकाणी बदलावा लागतो. प्रत्येकाच्या विंडोज-खात्यानेच ओळख पटविण्याची सोय केल्यास हा दोष बराच कमी होतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चौथी गोष्ट अंतराची. समजा, एका अहवालासाठी दोन लाख ओळी लागतात व प्रत्येक ओळ सुमारे ५०० बाइटांची आहे. म्हणजे एकूण दहा कोटी बाइट, अर्थात ८० कोटी बिट झाले. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या अंतर्गत जोडणीवरून त्यांना किमान ८ सेकंद लागतील. चाकणच्या शेडची जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची असेल, तर ८० सेकंद. आणि तेथील दहा जणांनी सकाळी पाळी सुरू होतानाच आपापला अहवाल उघडला, तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक. हेच गणित साठ्याजवळ करून फक्त बेरजांच्या पन्नास ओळी पाठविल्या, तर वेळ नगण्य होतो. मेजावर दुभाष्या असला तरी बेरीज साठ्याकडूनच मागवावी, हे शहाणपण प्रश्न लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. आणि चाळीस जण प्रश्न लिहू लागले की ते शहाणपण सर्वांकडे सारखे असेल असे गृहीत धरता येत नाही.

४. एका जागी दुभाष्या

याच्या उलट, विचारण्याचे काम एका यंत्राकडे सोपविले, तर ड्रायव्हर एक, त्याची आवृत्ती एक, परवलीचा शब्द एका जागी आणि दुरुस्तीही एका जागी. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या अहवाल-सेवेत अशा मध्यस्थ यंत्रासाठी 'गेटवे' नावाची आज्ञावली आहे आणि तिचे दोन प्रकार आहेत. वैयक्तिक प्रकार एकट्या माणसासाठी असून तो त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालतो. सामायिक प्रकार अनेकांसाठी असतो. गेटवे बाहेरच्या दिशेनेच संपर्क साधतो. त्यासाठी कारखान्याच्या जाळ्यात बाहेरून आत येणारी वाट उघडावी लागत नाही. मात्र तो ज्या यंत्रावर बसविला आहे, ते सतत चालू असले पाहिजे. झाकण मिटताच झोपी जाणाऱ्या लॅपटॉपवर तो बसविणे म्हणजे देवडीवर पहारेकरी नेमून त्याला घरी जाण्याची मोकळीक देण्यासारखे आहे.

सतत चालू राहण्याची ही अट या पट्ट्यात विशेष विचारात घ्यावी लागते. येथील अनेक कारखान्यांत गुरुवार हा सुटीचा व वीजदुरुस्तीचा वार म्हणून परिचित आहे. बुधवारी रात्रीचा अहवाल गुरुवारी सकाळी कोणी मागत नाही, परंतु शुक्रवारच्या पहिल्या पाळीला तो लागतोच. वीज गेल्यावर यंत्र आपोआप सुरू होते काय, व यंत्र सुरू झाल्यावर मध्यस्थ आज्ञावली कोणी खात्यात प्रवेश न करताही सुरू होते काय, हे दोन प्रश्न आधीच विचारून ठेवणे इष्ट.

लहान उद्योगांत ही गोष्ट टॅलीच्या निमित्ताने फार स्पष्ट होते. टॅलीतील हिशेब ओडीबीसीच्या मार्गाने एक्सेलमध्ये आणता येतात. परंतु त्या वेळी टॅली चालू असावी लागते व हवी ती कंपनी तीत उघडलेली असावी लागते. टॅली हिशेबनिसाच्या संगणकावर असेल आणि सायंकाळी तो संगणक बंद करून जात असेल, तर रात्रीच्या अहवालाची सारी योजना त्या एका बटणावर अवलंबून राहते. अशा ठिकाणी अधिक महागडे सॉफ्टवेअर आणून प्रश्न सुटत नाही; टॅली सतत चालू राहणाऱ्या यंत्रावर हलवावी लागते.

एका जागी दुभाष्या ठेवण्याचेही तोटे आहेत. ते यंत्र बंद पडले की सर्वांचेच अहवाल थांबतात. नवा प्रश्न विचारावयाचा तर त्या यंत्राची देखभाल करणाऱ्याकडे जावे लागते, आणि तो एकच माणूस असेल तर रांग लागते. शिवाय साठ्याच्या नोंदवहीत प्रत्येक प्रश्नापुढे मध्यस्थाचेच नाव दिसते. त्यामागे कोणता माणूस होता हे मध्यस्थाने स्वतंत्रपणे लिहून ठेविले नाही, तर कळत नाही. हे मध्यस्थाचे काम माहितीसाठ्याच्याच यंत्रावर लादण्याचा मोहही टाळावयास हवा. साठ्याच्या यंत्रावर जितक्या आज्ञावल्या अधिक, तितका त्याच्यावर भार अधिक, तितक्या दुरुस्त्या अधिक, आणि अनाहूतांना आत शिरण्याच्या फटीही अधिक. साठ्याच्या शेजारी, परंतु त्याच्यापासून वेगळे असे एक यंत्र ठेवणे, ही बहुतेक प्रसंगी योग्य रचना ठरते.

५. देवनागरी नावांची कसोटी

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही भाषेतील माहितीला लागू पडेल. परंतु या पट्ट्यातील कारखान्यांत हजेरीपट, गेटपास, प्रशिक्षणाच्या नोंदी यांत कामगारांची नावे देवनागरीत लिहिली जातात, आणि दुभाष्याची खरी परीक्षा तेथे होते.

संगणकातील देवनागरीच्या तीन पिढ्या आहेत. पहिली, फाँटवर आधारलेली: साठ्यात रोमन अक्षरांचेच संकेतांक असतात व विशिष्ट फाँट लावल्यावर ते मराठी दिसतात, पुण्यातच घडलेल्या श्रीलिपीसारख्या साधनांनी लिहिलेला पुष्कळ जुना मजकूर असा आहे. दुसरी, १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इस्की संकेतांची. तिसरी, युनिकोडची, त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. आज नवी नोंद युनिकोडमध्ये होते. परंतु वीस वर्षे चालत आलेल्या कारखान्याच्या साठ्यात तिन्ही पिढ्या एकत्र नांदताना आढळू शकतात.

आता 'ज्ञानेश्वर' हे नाव घेऊ. ऐकणाऱ्याला त्यात ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे ऐकू येतात. युनिकोडच्या दृष्टीने मात्र त्यात ज, हलन्तचिन्ह, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्तचिन्ह, व, र असे दहा घटक आहेत. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे हे नाव ३० बाइटांचे. यूटीएफ-१६ मध्ये दोन बाइट, म्हणजे २० बाइटांचे. नावासाठी २० बाइट पुरेत, असा रोमन लिपीचा हिशेब मनात धरून घेणाऱ्या आज्ञावलीने जागा राखली असेल, तर यूटीएफ-८ मधील सहाच घटक तीत पूर्ण मावतात. 'ज्ञानेश्वर' याचे 'ज्ञाने' होते.

याहून वाईट प्रकार प्रश्नचिन्हांचा. जुन्या धाटणीची आज्ञावली युनिकोड जाणत नसेल, तर देवनागरी घटकांचे रूपांतर त्या त्या संगणकावर निवडलेल्या जुन्या संकेत-कोष्टकात केले जाते. विंडोजमध्ये मराठीसाठी अशा जुन्या पद्धतीचे स्वतंत्र कोष्टक नाही. परिणामी प्रत्येक घटकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह उमटते, आणि ज्ञानेश्वरच्या जागी दहा प्रश्नचिन्हांची रांग दिसते. हे रूपांतर मेजावरील संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असल्यामुळे एका मेजावर नाव नीट दिसते व शेजारच्या मेजावर दिसत नाही. केवळ पाहावयाचे असेल तोपर्यंत हानी तात्पुरती आहे. परंतु प्रश्नचिन्हे दाखविणाऱ्या त्याच मेजावरून कोणी यादी दुरुस्त करून परत साठ्यात लिहिली, तर मूळ नाव पुसले जाते. प्रश्नचिन्हांवरून नाव पुन्हा घडविता येत नाही.

तिसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा र मराठीत वेगळ्या खुणेने लिहितात. ही खूण युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठविली जाऊ शकते: 'ऱ' हा स्वतंत्र घटक व हलन्त, साधा 'र', नुक्ता व हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. पहिल्या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानते व प्रमाणीकरणाच्या नियमाने ती एक करता येतात. तिसरे रूप त्या नियमाच्या कक्षेत येत नाही, त्याच्यासाठी निराळा नियम लिहावा लागतो. कळफलक बदलला की रूप बदलू शकते. पडद्यावर तिन्ही आडनावे तंतोतंत सारखी दिसतात, परंतु संकेतांक जसेच्या तसे ताडून पाहणाऱ्या शोधाला ती तीन निरनिराळी माणसे वाटतात.

याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रशिक्षणाची यादी एका कळफलकाने लिहिलेली आणि गेटपासची यादी दुसऱ्या कळफलकाने. दोन्ही याद्या नावावरून जुळविल्या, तर प्रशिक्षण पूर्ण केलेला कामगार अप्रशिक्षितांच्या यादीत जातो. सकाळी सहाच्या पाळीला फाटकावर त्याला थांबविले, तर पडद्यावर स्वतःचे नाव असूनही ते 'सापडत का नाही' हे त्याला किंवा पहारेकऱ्याला उलगडणार नाही. कंत्राटी कामगाराची त्या दिवसाची मजुरी मात्र बुडेल. एका अदृश्य घटकाची ही किंमत आहे, आणि ज्याने चूक केली त्याला ती द्यावी लागत नाही.

याद्या नावाऐवजी कामगार-क्रमांकावरून जुळविणे हा यावरचा पहिला उपाय होय. परंतु कंत्राटदाराकडून आलेल्या यादीत तो क्रमांक असतोच असे नाही, आणि मग नावाचाच आधार घ्यावा लागतो. अशा वेळी जुन्या फाँटांचे रूपांतर, घटकांचे प्रमाणीकरण, रकान्याची लांबी यांचे नियम एकाच ठिकाणी लिहिलेले असणे आवश्यक ठरते. कोणताही ड्रायव्हर ही शुद्धी आपण होऊन करीत नाही. मात्र विचारण्याची जागा एक असेल, तर नियम लिहिण्याची जागाही एक मिळते. चाळीस मेजांवर चाळीस जणांनी आपापल्या समजुतीने केलेली शुद्धी ही नवी अशुद्धी असते.

६. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून निर्णयाचा एक क्रम मांडता येतो.

प्रथम, प्रश्न विचारणारी आज्ञावली कोणती व ती कोणत्या यंत्रावर चालते, हे त्या यंत्राचे नाव घेऊन लिहावे. 'सर्व्हर' हा शब्द त्या वाक्यात येऊ देऊ नये. दुसरे, अहवाल कोणी मागितल्यावर निघतो की आपोआप, हे ठरवावे. आपोआप निघणाऱ्या अहवालाचा ड्रायव्हर सतत चालू राहणाऱ्या यंत्रावरच असावा, मेजावर नसावा. तिसरे, एकच अहवाल किती जण पाहतात हे मोजावे. अनेक जण पाहत असतील तर तो एकदाच काढून सर्वांना द्यावा. चौथे, ज्यांना रोज नवे प्रश्न सुचतात अशा दोन-चार जणांच्या मेजांवर ड्रायव्हर अवश्य बसवावा; परंतु सर्वांची आवृत्ती एक असावी, बिटांचा मेळ बसलेला असावा, आणि त्यांना फक्त वाचण्याचा अधिकार असावा. साठ्यात लिहिण्याचा अधिकार अशा मार्गाने कोणालाही देऊ नये.

पाचवी गोष्ट खरेदीपूर्वी करावयाची आहे. एका कोऱ्या चाचणी-कोष्टकात निवडक नावे लिहावीत: जोडाक्षरे असलेले 'ज्ञानेश्वर', तिन्ही रूपांतील 'कुऱ्हाडे', आणि रकान्याच्या लांबीची कसोटी पाहील असे एखादे लांब पूर्ण नाव. ती नावे प्रस्तावित ड्रायव्हरमधून वाचावीत, दुसऱ्या चाचणी-कोष्टकात लिहावीत, पुन्हा वाचावीत आणि मूळ नावांशी घटकागणिक ताडून पाहावीत. हीच चाचणी सर्व्हरवर व मेजावर अशी दोन्हीकडे करावी. या कामास अर्धा दिवस पुरतो, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात न मिळणारी उत्तरे त्यातून मिळतात.

वरील काल्पनिक कारखान्याचा निर्णय या क्रमाने असा होईल: साठ्याच्या शेजारी भोसरीस एक स्वतंत्र मध्यस्थ यंत्र, त्यावर ड्रायव्हर, रात्रीचे अहवाल व देवनागरीच्या शुद्धीचे नियम; चाकणला फक्त तयार बेरजा; गुणवत्ता-नियंत्रणातील मोजक्या अभियंत्यांच्या मेजांवर वाचण्यापुरता ड्रायव्हर; आणि मध्यस्थ यंत्राची देखभाल जाणणारी एकाऐवजी दोन माणसे. दहा संगणकांच्या गाळ्यात, जेथे एकटा हिशेबनीसच अहवाल काढतो, तेथे इतका व्याप करण्याचे कारण नाही. त्याच्या मेजावरील एक ड्रायव्हर पुरेसा आहे, मात्र नावांची चाचणी तेथेही टळत नाही.

दुभाष्याची नेमणूक करताना तो कोणाच्या बाजूस बसेल यापेक्षा त्याचे बोलणे कोण तपासील, हे आधी ठरविणे अगत्याचे असते. माहितीसाठ्याच्या बाबतीत ही तपासणी सर्वांत सोपी होते ती एका जागी, आणि सर्वांत आवश्यक असते ती माणसांच्या नावांसाठी. कारण नगाची संख्या चुकली तर ती दुसऱ्या दिवशी मोजून दुरुस्त करता येते, परंतु पुसले गेलेले नाव ज्याचे त्यालाच पुन्हा येऊन सांगावे लागते.